साडेअठरा टन ऊस आणि १९,७८० रुपयांची पावती

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका तरुण प्रोग्रॅमरनं खासगी वजनकाट्यासाठी जावामध्ये ऊस पावतीचा प्रोग्रॅम लिहिला आणि आठ दिवस एका काट्यावर चालवून पाहिला. निव्वळ वजन किलोत आणि टनाचा दर पैशांत, दोन्ही व्हेरिएबल इंट, म्हणजे पूर्ण संख्येच्या प्रकारातली. दर समजा टनाला ३,४०० रुपये, म्हणजे ३,४०,००० पैसे. वजन गुणिले दर, भागिले १,०००, असं साधं सूत्र. बैलगाडीच्या पावत्या पैशापर्यंत बरोबर आल्या. १०,००० किलोच्या ट्रॉलीला मात्र उणे ८,९४९.६७ रुपये छापून आले आणि १८,४५० किलोच्या खेपेला ६२,७३० रुपयांऐवजी १९,७८०.३२ रुपये. रकमेचं व्हेरिएबल लाँग, म्हणजे इंटच्या दुप्पट जागेचं, करून पाहिलं, तरी आकडे तेच. "कंपायलरमध्ये दोष आहे, की काट्याच्या इंडिकेटरकडूनच वजन चुकीचं येतंय?" असं त्यांनी विचारलंय.

कंपायलर बरोबर आहे आणि इंडिकेटरही बरोबर आहे. वजन आणि दर दोन्ही तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत नीट पोचतात. बिघडतं ते मधल्या गुणाकारात, आणि तो गुणाकार तुम्ही कुठे छापलेला नाही, म्हणून तो नजरेस पडत नाही.

इंट म्हणजे ३२ बिटांची जागा. त्यात वरच्या बाजूला २,१४,७४,८३,६४७ एवढा आकडा मावतो आणि खालच्या बाजूला उणे २,१४,७४,८३,६४८. त्यापलीकडे एकही नाही. आता तुमची खेप घ्या. १८,४५० गुणिले ३,४०,००० म्हणजे ६,२७,३०,००,०००. शेवटी १,००० नं भागून हा आकडा लहान होणार आहे हे खरं, पण भागाकार नंतर येतो. त्याआधी हे सव्वासहाशे कोटी त्या जेमतेम दोनशे पंधरा कोटींच्या जागेत बसवावे लागतात आणि ते बसत नाहीत.

यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. बसत नाहीत म्हटल्यावर काय होतं? पूर्वी दुकानांत तबकडीचे काटे असायचे, ते आठवा. दहा किलोच्या तबकडीवर बारा किलो टाकले आणि काट्याला अडवायला खुंटी नसली, तर तो पूर्ण फेरा मारून दोनवर येऊन थांबेल. इंटची तबकडी अशीच गोल आहे, एका फेऱ्यात ४,२९,४९,६७,२९६ घरं. फरक एवढाच की या तबकडीचा अर्धा भाग अधिकचा आणि अर्धा उण्याचा आहे. अधिकचं शेवटचं घर ओलांडलं की लगेच उण्यातलं सगळ्यात खालचं घर येतं आणि तिथून पुन्हा शून्याकडे चढ सुरू होतो. उणे संख्या साठवायची ही पद्धत म्हणजे टूज कॉम्प्लिमेंट. आजचे बहुतेक सगळे प्रोसेसर असेच चालतात, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच सर्किटमध्ये उरकते.

तुमच्या आकड्यावर हे करून पाहा. ६,२७,३०,००,००० मधून एक फेरा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वजा करा. उरले १,९७,८०,३२,७०४. त्याला १,००० नं भागा. १९,७८,०३२ पैसे. म्हणजे बरोबर १९,७८०.३२ रुपये, तुमच्या पावतीवर छापून आलेले. दहा टनांचंही असंच. ३,४०,००,००,००० मधून एक फेरा काढला की उणे ८९,४९,६७,२९६, आणि भागाकारानंतर उणे ८,९४९.६७. हे वहीत एकदा हातानं करा. स्क्रीनवर वाचून जे पटत नाही ते पेन्सिलनं पटतं, असा माझा अनुभव आहे.

आता बैलगाडी का सुटली ते बघा. ३,४०,००० पैसे दराला गुणाकार ६,३१६ किलोपर्यंत मावतो. बैलगाडीचा ऊस दोन-तीन टन, म्हणजे कधीच अडचण नाही. ६,३१७ किलोला पावती येईल उणे २१,४७१.८७ रुपयांची, खरी रक्कम २१,४७७.८०. उणे खूण काढून टाकली तर फरक जेमतेम सहा रुपयांचा. इथेच मोह होतो. "चिन्ह उलटं येतंय, अधिक करून टाकू" म्हणून कुणीतरी ॲब्सोल्यूट व्हॅल्यूचं फंक्शन लावतं आणि सुटलं म्हणतं. तसं करू नका. १२,६३३ किलोला तबकडीचा पूर्ण फेरा होतो आणि पावती येते २ रुपये ५२ पैशांची. खरी रक्कम ४२,९५२.२०. तिथून १८,९४८ किलोपर्यंत सगळ्या पावत्या अधिक चिन्हाच्याच येणार, आणि सगळ्या चुकीच्या.

मला सगळ्यात जास्त काळजी या तिसऱ्या पट्ट्याची वाटते. उणे पावती कुणाच्याही डोळ्यात खुपते. काट्यावरचा पोरगा ती बघून हाक मारतो. पण १९,७८० रुपयांची पावती कागदावर अगदी सरळ दिसते. दिवसभर रानात ऊस तोडून, रात्री रांगेत थांबून, पहाटे तीनला काट्यावर आलेला माणूस ती घडी घालून खिशात ठेवतो. आपल्या जिल्ह्यात काटामारी हा शब्द किती जिव्हारी लागतो ते तुम्हाला सांगायला नको. उद्या तो शेतकरी बांधावर हिशेब करेल तेव्हा त्याला ओव्हरफ्लो दिसणार नाही, काटामारीच दिसेल. आणि त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे, कारण त्याचे ४२,९४९ रुपये ६८ पैसे कमी आलेत.

लाँग करूनही आकडा का सुधारला नाही, याकडे येतो. प्रश्नातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण दहापैकी आठ जण याच पायरीवर अडतात. जावामध्ये गुणाकार कुठल्या जागेत करायचा हे उत्तर कुठे ठेवायचंय त्यावरून ठरत नाही, ज्यांचा गुणाकार करायचाय त्यांच्यावरून ठरतं. इंट गुणिले इंट असेल तर गुणाकार इंटमध्येच होणार. डावीकडे लाँग लिहिलं असलं तरी त्याची पाळी सगळं उरकल्यावर येते. छोट्या तपेल्यात उतू गेलेलं दूध नंतर मोठ्या कॅनात ओतलं म्हणून परत येत नाही, तसंच हे.

म्हणून गुणाकाराच्या आधी निदान एक बाजू लाँग झाली पाहिजे. वजनाच्या व्हेरिएबललाच लाँगचा कास्ट लावा, म्हणजे 'याला लाँग धर' असं सांगा, मग दर आपोआप लाँगमध्ये बदलून घेतला जातो आणि गुणाकार ६४ बिटांत होतो. कास्ट कंसाच्या बाहेर, पूर्ण गुणाकाराला लावलात तर उपयोग शून्य. आतला गुणाकार तोवर होऊन गेलेला असतो. हजारापुढे एल लिहून १,००० ला लाँग करणं हीसुद्धा फसवी दुरुस्ती आहे, कारण आधी डावीकडचा गुणाकार होतो आणि हजार नंतर भेटतात. खरं तर काट्याच्या प्रोग्रॅममध्ये वजन आणि दर मुळातच लाँग ठेवा, म्हणजे कास्ट विसरायचा प्रश्नच नाही. चार बाइट वाचवायचे दिवस पीसीवर तरी कधीच संपले.

एक दुरुस्ती मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. आधी भागायचं आणि मग गुणायचं. १८,४५० ला १,००० नं भागलं की इंटमध्ये १८ उरतात, वरचे ४५० किलो गायब. १८ गुणिले ३,४०,००० म्हणजे ६१,२०० रुपये. ओव्हरफ्लो गेला आणि शेतकऱ्याचे १,५३० रुपयेही गेले. हा आकडा खऱ्याच्या इतका जवळचा आहे की तो वर्षानुवर्षं कुणाला सापडणार नाही. म्हणून ही दुरुस्ती मी मूळ चुकीपेक्षा वाईट मानतो.

कुणी डबल, म्हणजे दशांश संख्येचा ६४ बिटी प्रकार, वापरा म्हणेल. डबलमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच्या पूर्ण संख्या नेमक्या बसतात, त्यामुळे पूर्ण पैशांत हिशेब ठेवला तर तो तुटत नाही. पण रुपये आणि दशांश पैसे असा डबल वापरायला लागलात की ०.१० सारखी रक्कमही बायनरीत नेमकी बसत नाही आणि महिन्याच्या बेरजेत पैसा-दोन पैसे इकडेतिकडे होतात. फ्लोटचा, म्हणजे त्याच्या ३२ बिटी धाकट्या भावाचा, तर विचारच नको, तो १,६७,७७,२१६ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या धरू शकत नाही. पैशांचा हिशेब लाँगमध्ये, पैशांतच ठेवा.

एवढ्यानं तुमचा प्रश्न सुटला. पण लाँग केल्यावरही जावा ओव्हरफ्लोला गप्पच राहतो, फक्त कुंपण पुष्कळ लांब जातं. पीसीतले इंटेल-एएमडीचे प्रोसेसर बेरीज-गुणाकार करताना ओव्हरफ्लोची खूण उचलतात, पण जावाचं साधं बेरजेचं किंवा गुणाकाराचं चिन्ह त्या खुणेकडे बघत नाही. बघायला लावायचं असेल तर जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, मॅथ क्लासमध्ये मल्टिप्लायएक्झॅक्ट आणि ॲडएक्झॅक्ट आहेत. उत्तर मावलं नाही तर ते एक्सेप्शन फेकतात, म्हणजे चुकीचं उत्तर देण्याऐवजी काम तिथेच अडवतात. पैशाच्या हिशेबात मी हेच वापरतो. पावती अडली तर काट्यावर रांग लागते, ड्रायव्हर आरडाओरडा करतात, मालकाचा फोन येतो, हे सगळं मी अनुभवलंय. तरीही चुकीची पावती सुटण्यापेक्षा पावती अडलेली मला चालते.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. मी सुरुवातीची वर्षं व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये काम केलं. त्यात इंटीजर १६ बिटांचा, ३२,७६७ पर्यंतच. नुसतं २०० गुणिले २०० लिहिलं तरी प्रोग्रॅम 'रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो' म्हणून थांबायचा. तेव्हा त्याचा राग यायचा. नंतर करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं काम जावामध्ये नव्यानं लिहिलं. रोजचं संकलन तीन हजार लिटरच्या आसपास, सरासरी दर पन्नास रुपये, म्हणजे दिवसाचे दीड लाख. दहा दिवसांचं बिल बरोबर, महिन्याचा गोषवारा बरोबर. १ एप्रिलपासूनची चढती बेरीज मी पैशांत, इंटमध्ये ठेवली होती. २,१४,७४,८३,६४७ पैसे म्हणजे दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार रुपये. दीड लाखानं भागा, साधारण १४३ दिवस. ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सचिवांचा फोन आला की वार्षिक बेरीज उणे दोन कोटी तेरा लाख दाखवते, दिवाळीचा रिबेट काढायचा कशावर? मी महिनाभराच्या डेटावर टेस्ट केली होती. त्या टेस्टमध्ये ही चूक सापडणं शक्यच नव्हतं, ती १४४ व्या दिवशी जन्माला येणार होती. त्या रात्री मला एरर ६ ची किंमत कळली.

बैलगाडीवर चाललेलं सूत्र ट्रॉलीवर तुटणं, ही गोष्ट फार मोठ्या माणसांच्या बाबतीतही घडली आहे. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि साधारण चाळीस सेकंदांत रॉकेट आकाशातच फुटलं. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेत आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्ण संख्येत बसवली जात होती. हे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून जसंच्या तसं आणलेलं. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो आकडा कधीच एवढा वाढत नव्हता, म्हणून त्या ठिकाणी संरक्षण ठेवलं नव्हतं. नवं रॉकेट सुरुवातीलाच जास्त वेगानं आडवं जात होतं आणि आकडा ३२,७६७ च्या वर गेला. जोडीला ठेवलेला दुसरा कॉम्प्युटर होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम, त्यामुळे तोही त्याच कारणानं बंद पडला.

सूत्र चुकीचं नव्हतं, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. तुमचंही सूत्र चुकीचं नाही. गाडी बदलली.

म्हणून जागा निवडताना आजची पावती बघू नका, काट्याची क्षमता बघा. समजा काटा ६० टनी आहे. त्याहून जड गाडी त्यावर तोलता येत नाही, म्हणजे वजन जास्तीत जास्त ६०,००० किलो. दर पुढच्या काही वर्षांसाठी सढळ हातानं टनाला ५,००० रुपये धरा, ५,००,००० पैसे. गुणाकार ३०,००,००,००,०००. इंटच्या जवळजवळ चौदा पट. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कोड लिहायच्या आधी होतं. टेस्टमध्ये ६,३१६ आणि ६,३१७ किलो ही जोडी ठेवा, १२,६३३ ठेवा आणि पूर्ण ६०,००० ठेवा. सरासरी ट्रॉलीवर टेस्ट करून या जातीची चूक कधीच हाती लागत नाही.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पावती नंबर तुम्ही वर्षाचे शेवटचे दोन आकडे, महिना, दिवस, तास आणि मिनिट एकापुढे एक जोडून तयार करता आणि तो डेटाबेसमध्ये इंट कॉलममध्ये ठेवायचा विचार आहे. तो विचार सोडा. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर जगभर मेल अडकून पडले ते अशाच कारणानं. तारखेवरून बनवलेला आकडा २,२०,१०,१०,००१ झाला आणि ३२ बिटांच्या बाहेर गेला. २०२१ च्या शेवटच्या दिवसापर्यंत तो मावत होता. मोबाइल नंबरचंही तसंच. आपले दहा आकडी नंबर ६ ते ९ नं सुरू होतात, एकही इंटमध्ये मावत नाही. मायएसक्यूएल हा डेटाबेस स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल तर ते तक्रार न करता जास्तीत जास्त मावणारा आकडा भरून मोकळं होतं. एका जुन्या ग्राहक यादीत मी शेकडो माणसांचा एकच मोबाइल नंबर पाहिला आहे, २१४७४८३६४७. खरे नंबर कायमचे गेले होते. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नसतोच, तो मजकूर म्हणून साठवा.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कंट्रोलरवर काम करणारी मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. अर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर इंट १६ बिटांचाच आहे. शेतीपंपाच्या टायमरमध्ये एक मिनिट थांबण्यासाठी डिलेला ६० गुणिले १,००० दिलं तर ६०,००० मावत नाहीत, तिथे उणे ५,५३६ होतात. डिले मात्र बिनचिन्हाचा ३२ बिटी आकडा घेतं, त्यामुळे त्या उणेचे ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद होतात, म्हणजे ४९ दिवसांहून जास्त. पंप "हँग" झालाय असं वाटतं, पण तो इमानदारीत थांबलेला असतो. साठाच्या पुढे यूएल लिहा, म्हणजे तो बिनचिन्हाचा लाँग होतो. आणि सी किंवा सी++ मध्ये चिन्हासहित संख्येचा ओव्हरफ्लो झाला तर भाषा कसलीच हमी देत नाही, फेरा मारण्याचीही नाही. बेरीज करून ती लहान झाली का ते बघू, अशी तपासणी लिहिली तर ऑप्टिमायझर ती तपासणीच काढून टाकू शकतो. तपासायचं ते बेरजेच्या आधी, वजाबाकी करून तपासा. पायथनवाल्यांना हा त्रास नाही, तिथे पूर्ण संख्या लागेल तेवढी वाढते. पण नमपाय ही गणिताची लायब्ररी वापरली की पुन्हा हीच तबकडी.

आता आज करायचं काम. प्रोग्रॅम दुरुस्त करण्याआधी त्या आठ दिवसांच्या डेटाची नक्कल काढून ठेवा. वजन आणि दर दोन्ही बरोबर साठवलेले आहेत, त्यामुळे काहीच हरवलेलं नाही. ६,३१६ किलोच्या वरची प्रत्येक पावती वेगळी काढा, चिन्ह अधिक असो वा उणे, आणि रक्कम लाँगमध्ये नव्यानं काढा. जुनी रक्कम, नवी रक्कम आणि फरक शेजारी शेजारी छापा आणि ती यादी काट्याच्या मालकांच्या हातात स्वतः नेऊन द्या. उणे आलेल्या पावत्यांवर कुणी पैसे दिले नसतील. पण १२,६३३ ते १८,९४८ किलोच्या मधल्या खेपा आधी बघा. त्यांपैकी काहींचे पैसे बहुधा देऊन झाले असतील.